मधले पंधरा दिवस

संदीप,

तुला जाऊन सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत आपला आल्बम जितका वाजला तितका तो निघाल्यापासून सगळा मिळून वाजला नसेल. धसईत ज्याच्या हातात फोन आहे त्या प्रत्येकाने स्टेटसला ठेवला. दहावीच्या ग्रुपवर कुणीतरी तुझा फोटो घेऊन मागे तिसरं गाणं जोडलं, आणि तो व्हिडिओ फिरत फिरत वाशिंदला माझ्या फॅक्टरीतल्या सुपरवायझरपर्यंत पोचला. सगळे फोनवरच ऐकतात, स्पीकर चालू करून. आणि फोनच्या स्पीकरवर त्या गाण्यात फक्त मी आहे. फोटो तुझा दिसतो आणि आवाज माझा येतो. तू केलेलं त्यात काहीच येत नाही.

असं का होतं ते मला आल्बम निघाला त्याच दिवशी कळलं होतं. तुला मी सांगितलं नाही. हे लिहायला बसले ते तेवढ्यासाठी. बाकी तू कुणाचा कोण, काय शिकलास, किती गुणी होतास, हे ज्यांना सांगायचं होतं त्यांचं शोकसभेत सांगून झालंय. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. एकाने तर तुला गायक करून टाकलं. तू किती बेसूर होतास हे मला ठाऊक आहे. शाळेत प्रार्थनेला बाई तुला नुसते ओठ हलव म्हणून सांगायच्या.

गाण्यांकडे तू आलास तो हळदीतून. टोकावड्याच्या एका डीजेवाल्याकडे तू ऑपरेटर. आपल्याकडे हळद म्हणजे काय असते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. लग्नाला माणूस नाही आला तरी चालतं, हळदीला यावंच लागतं, आणि ज्याच्या दारात बेस छातीत बसला नाही त्याची पोरगी पुढे वर्षभर टोमणे ऐकते. दहा वर्षं तू त्या स्पीकरच्या बॉक्सच्या मागे उभा होतास. आणि एके दिवशी मला म्हणालास, "मने, मला हळू गानं करायचंय."

"हळू म्हंजे?"

"हळदीचा, लग्नाचा सगळा धिंगाना होतो आन् मंग मांडव सोडतात ना, बांबू काढतात, तवा कसं वाटतं? तसं."

कुठल्यातरी व्हिडिओत तुला कळलं होतं की याला इलेक्ट्रो-पॉप म्हणतात. मी विचारलं, घरी काय सांगू, भजन नाही, भावगीत नाही, लग्नातलं नाही. तू म्हणालास, सांग कॉम्प्युटरवरची गाणी हायेत. मी तसंच सांगितलं आणि आमच्या अप्पांनी विचारलं, मग तुला कशाला जायला पाहिजे, कॉम्प्युटरलाच गाऊ दे की.

जागा तुझ्या घरचीच होती, कोंबड्यांची शेड. कंपनी पिल्लं आणि खाद्य द्यायची, चाळीस-बेचाळीस दिवसांनी कोंबड्या भरून न्यायची. मग शेड धुवायची, चुना मारायचा, खाली भाताचं नवं तूस पसरायचं आणि पुढची पिल्लं येईपर्यंत रिकामी ठेवायची. ते मधले पंधरा दिवस आपले. तू पहिल्यांदा बोलावलंस तेव्हा मी साफ सांगितलं होतं, "कोंबड्यांच्या घानीत मी गानार नाय."

"घान नाय गो. आयेनं तूस टाकलंय कालच. आत येऊन एकदा बोलून तर बघ."

मी आत आले आणि तुझं नाव घेतलं. आवाज कुठे आपटला नाही, परत आला नाही. चार बोटं जाडीच्या त्या तुसाने तो तिथेच ठेवून घेतला. जाळीच्या भिंतींना तू खाद्याची रिकामी पोती दुहेरी करून शिवली होतीस. स्टुडिओत यासाठी काय काय लावतात ते तू फोनवर दाखवलंस आणि म्हणालास, "आपल्याकडं हे आपोआप हाय." इतकं खूश मी तुला पुन्हा फार वेळा पाहिलं नाही.

लोक बोलायचे ते बोललेच. वाशिंदला नोकरी करणारी मुलगी रविवारी येते आणि पोती लावलेल्या शेडमध्ये जाते म्हटल्यावर बोलणारच. म्हणून तू मावशींना दाराशी बसवलंस. तुझी आई तिथे तांदूळ निवडत बसायची, आणि ऐन गाण्यात खोकली की आपण पहिल्यापासून घ्यायचो. मला फक्त रविवारची सुट्टी, म्हणजे एका रिकाम्या शेडमागे दोन रविवार, फार तर तीन. कोंबड्यांच्या पाच बॅच निघाल्या तेव्हा कुठे सात गाणी झाली. आल्बमला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपल्याला विचारच करावा लागला नाही.

त्या शेडमध्ये तू मला गायला शिकवलंस, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. बेसूर माणसाकडून गाणं शिकले म्हणून सांगायचं कसं? शाळेपासून मला स्पर्धेत गायची सवय. प्रत्येक शब्दाला एक मुरकी, शेवटी मान वाकडी करून लांब सूर. "हितं बक्षीस नाय मिळनार," तू म्हणायचास. "साधं बोल. दारात उभी राहून शेजारनीला सांगतेस तसं." मी चिडायचे. तू पुन्हा लावायचास. "उद्या येतील पिल्लं, आज शेड आपली" ही माझीच ओळ, ती तू माझ्याकडून एका दुपारी तीस-चाळीस वेळा म्हणवून घेतलीस, आणि शेवटी मी थकून कशीतरी म्हटली तीच ठेवलीस. घरी जाऊन मी ती इयरफोनवर ऐकली. माझा स्वतःचा आवाज मला पहिल्यांदा तिथे भेटला. त्याआधीची तीस वर्षं मी कुणाची तरी नक्कल करत होते.

आणि तू काय करत होतास ते मला हळूहळू समजलं. तुझं म्हणणं, गाण्याची चाल गाणारीने सांगायचीच नाही. ती खाली, बेसमध्ये चालायची. मी वरून नुसतं बोलल्यासारखं गायचं. हेडफोन लावून तू लॅपटॉपसमोर बसायचास तासन् तास, बाहेर काही ऐकू यायचं नाही, नुसती तुझी मान हलायची. तिसऱ्या गाण्यात मी पाऊण मिनिट गप्प आहे. तिथे नुसता तुझा बेस चालतो, एकटा, आणि गाणं जिथे जायचं तिथे त्याच पाऊण मिनिटात जातं. तेवढ्यासाठी तू दोन बॅच घालवल्यास.

मिक्स तू डीजेवाल्याच्या गोडाउनमध्ये केलास, हळदीच्या बॉक्सवर. शेवटच्या दिवशी मला ऐकायला बोलावलंस. पत्रे थरथरत होते, माझ्या पायाखालची फरशी हलत होती, आणि तरी गाणं हळू होतं. मी रडले. तू दुसरीकडे बघितलंस आणि म्हणालास, "झाला म्हनायचा मंग."

चूक तिथेच झाली. आपल्याकडच्या सगळ्यात भारी बॉक्सवर चांगलं वाजलं म्हणजे सगळीकडे चांगलंच वाजणार, असं आपण धरून चाललो. ज्या खालच्या सुरांसाठी ते कपाटाएवढे बॉक्स बनवलेत, ते सूर फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघतच नाहीत, हे तुझ्या डोक्यात आलं नाही आणि मला तर कळायचं कारणच नव्हतं. तुझ्या फोनचा स्पीकर कधीचाच गेलेला, तू कायम इयरफोनवर. दहा वर्षं हळदी वाजवलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणी केली नसती.

आल्बम ॲपवर आला त्या दिवशी मी फॅक्टरीत होते. मी क्वालिटीत, दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या खोक्यांतल्या चुका शोधते आणि शिक्का मारते. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या मुलींनी फोन डब्याला टेकवून उभा केला आणि गाणं लावलं. एवढा गलका असायचा तिथे, तो थांबला. एक जण म्हणाली, "ताई, नुसत्या तुमीच गायलाय का? बाजा नाय ठेवला? पन बरं वाटतं. मोकळं वाटतं." मग तिसरं गाणं आलं, मी गप्प झाले, आणि फोनही गप्प झाला. "बंद पडलं वाटतं," असं म्हणून तिने बोटाने ते पुढे सरकवलं. तुझं पाऊण मिनिट होतं ते.

मला तिथल्या तिथे समजलं. फोन घेऊन मी सायकल स्टँडपाशी आले, तुला लावणार तोच तुझा आला.

"आयकलं का लोकांनी? बेस कसा वाटला गो?"

"छान वाटला."

"खरं सांग."

"खरंच. आवडला सगळ्यांना."

का, ते सांगते. आत त्या मुली माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती मला आवडली होती. रोज मी त्यांच्या खोक्यांत खोट काढते, त्या मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे. त्या दिवशी त्यांनी मला जेवू दिलं नाही, पुन्हा लावा, पुन्हा लावा. तुझा बेस मध्ये आला असता तर ते आपल्या दोघांचं झालं असतं. एक दिवस फक्त माझं राहू दे, उद्या सांगू, असं मी ठरवलं. उद्याचं परवावर गेलं. यापेक्षा मोठं कारण मी या सोळा दिवसांत खूप शोधलं, मिळालं नाही.

मग तो लेख आला. मुंबईच्या एका छोट्या वेब-मासिकात कुणीतरी आपल्यावर चार परिच्छेद लिहिले: वाद्यांचा सोस पूर्णपणे टाळून निव्वळ एका आवाजावर उभा केलेला धाडसी प्रयोग. तुझं नाव शेवटच्या ओळीत, तांत्रिक साहाय्य म्हणून. तू मला फोनवर तो वाचून दाखवलास. वाचताना आधी हसलास. "ह्याला कान हायेत का नाय गो?" म्हणालास, आणि शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचलीस. तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "मोठ्या लोकांचं तसंच असतं. सोड."

लोक खाली लिहायचे, गाणं मधेच बंद पडतं. तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास, भाऊ नेट चेक करा. मी ते वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे.

गेल्या सीझनच्या शेवटाला तू ते एका हळदीत लावलंस, मला नंतर कळलं. धसईलाच, पाहुणे यायच्या आधी, तिसरं गाणं, तुझ्या बॉक्सवर, जसं वाजायला हवं तसं. नवऱ्यामुलाचा मामा आला आणि म्हणाला, "ए, कोन मेलंय काय हितं? हळदीचं लाव." तू लावलंस. मला ही गोष्ट तू हसत हसत सांगितलीस, मामाची नक्कल करून. मीही हसले.

कल्याणहून मला गायला बोलावलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, एकट्या आलात तरी चालेल, आल्बममध्ये तसंही तुम्हीच आहात. तू मला बाइकवरून मुरबाडच्या स्टँडला सोडायला आलास. एसटी लागली होती. "मी येऊ का?" तू विचारलंस. "बेस लावाया?" मी म्हटलं, त्यांच्याकडे बॉक्स नाहीत. मी त्यांना विचारलंही नव्हतं, संदीप. तिथे कोपऱ्यात दोन चांगले मोठे बॉक्स उभे होते. त्यांच्याकडे पाठ करून मी गायले, आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आपलं शेवटचं भांडण त्यानंतरचं. शेड रिकामी झाली होती, तूस पडलं होतं, तू माइकसुद्धा लावून ठेवला होतास. तुला दुसरा आल्बम करायचा होता. मी म्हटलं, पहिल्याचं कुणाला काय पडलंय? तू तुसावर बोटाने रेघा मारत होतास.

"पडलंय ना. तुझं पडलंय लोकांना. माझं काय आयकाया येत नाय वाटतं कुनाला."

तू ते जसं होतं तसं बोललास, न कळता. मी घाबरले. घाबरले की मी ओरडते, हे तुला शाळेपासून माहीत. "मग शिक ना जरा," मी म्हटलं. "दहा वर्षं ढमढम वाजवून कान गेलेत तुझे." तू उठलास, माइक सोडवलास, वायर नीट गुंडाळलीस. "बरं," म्हणालास. मी तशीच निघाले. पुढच्या रविवारी आले नाही. मग पिल्लं आली.

या सीझनला तू हळदीचं काम धरायचं नाही असं ठरवलं होतंस, आल्बमच्या भरवशावर. ते भांडण झालं त्याच आठवड्यात तू डीजेवाल्याला फोन करून येतो म्हणून सांगितलंस. म्हणून तू त्याच्या टेम्पोत होतास, बॉक्सच्या मध्ये बसून, तो टोकावड्याच्या पुढे उलटला तेव्हा. लोक म्हणतात त्याची वेळ आली होती. वेळ कसली? चूक फोनच्या स्पीकरमुळे आहे, तुझ्या कानांत नाही, हे तुला कळलं असतं तर तू एका रिकाम्या शेडमध्ये सगळा मिक्स बदलला असतास. बेसला वरून थोडी धार दिली असतीस, की अजून काही, तुलाच कळणारं. मला कुणी समजावू नये की तरीही तू गेला असतास. गेला असतास तरी हे असं नाव पुसून गेला नसतास.

तेराव्याला मी तुझ्या घरी आले ते एक मनाशी धरून. लॅपटॉप घ्यायचा, कल्याणला कुणी जाणकार गाठायचा, गाणी पुन्हा मिक्स करून घ्यायची आणि फोनवर तू ऐकू येशील असं करायचं. मावशींनी लॅपटॉप कपाटातून काढून दिला. मी उघडला. आपल्या गाण्यांचे फोल्डर तुझ्या सवयीप्रमाणे बॅचच्या नंबराने असायचे, एक ते पाच. पाचही नव्हते. त्यांच्या जागी या सीझनची हळदीची गाणी, ओळीने लावलेली. तुला जागा लागली असणार. लॅपटॉपचा डबा लहान, काही मावत नाही म्हणून तू नेहमी कुरकुरायचास. दुसरीकडे कुठे ठेवलं असेल म्हणून मी दुपारभर शोधलं, तुझे पेनड्राइव्ह, डीजेवाल्याचा कॉम्प्युटर, सगळं. नाही. आता आहे तो तेवढाच, ॲपवर गेलेला. तुझा बेस आता कुणालाच वर काढता येणार नाही.

मी लॅपटॉप मिटला तेव्हा मावशी समोर येऊन बसल्या. शेडमध्ये बॅच होती, बावीस दिवसांची. त्या खाद्य घालूनच आल्या होत्या, पदराला पीठ लागलेलं. त्यांच्या फोनमध्ये कुणीतरी आपली गाणी टाकून दिली होती.

"लाव गो जरा. मला लावता येत नाय."

मी तिसरं लावलं. त्यांनी फोन कानाला धरला, कुणाशी बोलताना धरतात तसा. ऐकत राहिल्या. मी गप्प झाले तिथे फोन गप्प झाला, तरी त्यांनी तो कानावरून काढला नाही. पाऊण मिनिट त्या तशाच बसून होत्या. मग माझा आवाज पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्यात आमचा संदीप कुठला गो?"

"सगळं त्याचंच हाय, मावशी."

"मला तर तूच आयकाया येतेस." रागाने नाही, खरोखर विचारत होत्या. "मंग तो वरीसभर त्या डब्याम्होरं बसून करीत काय होता?"

माझे इयरफोन पर्समध्ये होते. ते काढून मी त्यांच्या कानात घालायचे होते, बास. तू त्यांना ऐकू आला असतास. त्या पाऊण मिनिटात तर नुसता तूच. पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं. हे असं होतंय हे त्याला ठावं होतं का? आन् तुला कवा कळलं? माझा हात पर्सवर होता, चेनवर. मी म्हटलं, "मला साथ करायचा."

साथ, संदीप.

"बरं," त्या म्हणाल्या. फोन बंद करून पदराने पुसला आणि तुझ्या फोटोपुढे ठेवला. आता दारात कुणी आलं की त्या आपण होऊन गाणं लावायला सांगतात. परवा मी वाशिंदला परत निघाले तेव्हा शेजारणीला सांगत होत्या, "ही मनीषा. लय चांगली गाते. आमचा संदीप तिला साथ करायचा."